संगीत नाटकातील बालक : प्रल्हादाच्या निमित्ताने

चेन्नईत दर डिसेंबरात भरणाऱ्या संगीतसभांमध्ये त्यागराजांची (१७६७–१८४७) पदे अगत्याने गायिली जातात. त्यांतील काही पदे मुळात ‘प्रल्हादभक्तिविजयमु’ या तेलुगू संगीत नाटकातील आहेत. मैफलीत ती सुटी ऐकताना भक्ताची आर्तता जाणवते. मात्र ती गाणारा एक लहान मुलगा आहे, याचा विसर पडतो. हा विसर केवळ रसिकांचा नाही, अभ्यासकांचाही आहे.

प्रल्हादाला जे दिसते ते भोवतालच्या वडीलधाऱ्यांना दिसत नाही. पित्याच्या लेखी तो पोराचा भ्रम, तर मुलाच्या लेखी तेच एकमेव सत्य. या वादात खांब हा पुरावा ठरतो. तो दुभंगला की प्रौढांची खात्री पटते. तंजावर जिल्ह्यातील मेलत्तूर येथे नृसिंहजयंतीच्या सुमारास होणाऱ्या भागवतमेळ्यात ‘प्रल्हादचरित्रमु’चा सारा ओघ नृसिंहाच्या मुखवट्याकडे वाहतो. मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, एव्हीएम संस्थेने १९६७ साली काढलेल्या ‘भक्त प्रल्हाद’ या तेलुगू बोलपटाची परिणतीही खांबापाशीच होते.

भोसल्यांच्या तंजावरापासून जवळच, तिरुवैय्यारू येथे राहणाऱ्या त्यागराजांनी हा पुरावाच वगळला. त्यांच्या पाच अंकी नाटकात नृसिंहावताराचा प्रसंग नाही. नागपाशांनी बांधून समुद्रात टाकलेला बालक, त्याला मुक्त करणारा समुद्रराज आणि पदांमागून पदे गाणाऱ्या मुलाची तळमळ, एवढाच त्याचा ऐवज. हरी येतो तो बालकाच्या हाकेला; पित्याची शंका फेडण्यासाठी नव्हे.

भक्ताचा साक्षात्कार म्हणजे बालकाची कल्पना नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. तथापि नाटककारापुढचा प्रश्न दोन्ही ठिकाणी एकच असतो : मुलाचे जग खरे ठरवावयाचे, तर ते कोणाच्या साक्षीने? संवादातून बोलणाऱ्या मुलाला युक्तिवाद करावा लागतो आणि त्यात वडीलधारी मंडळी सहज सरस ठरतात. गाणाऱ्या मुलाला काही सिद्ध करावे लागत नाही. पद चालू असते तोवर प्रेक्षक त्याच्याच जगात उभा असतो. संगीत येथे अलंकार नसून तेच नाट्याचे प्रमाण आहे.

सुधा करमरकर यांनी १९५९ साली ‘मधुमंजिरी’ रंगभूमीवर आणल्यापासून मराठी बालनाट्याने कल्पनेला मोकळे अंगण दिले. पण ‘हे सारे स्वप्न होते’ असे सांगून, वा शेवटी बोध जोडून मुलाला वास्तवात परत आणणारे नाटक, नकळत पित्याचाच पक्ष घेते. त्यागराजांची कृती बालनाट्य म्हणून लिहिली गेली नव्हती हे खरे. परंतु बालनाट्याच्या तौलनिक विचारात तिला स्थान मिळाले, तर मराठी समीक्षेला एक नेमका निकष लाभेल. नाटक संपताना मुलाने आपले जग प्रौढांच्या हाती सोपविले की स्वतःपाशी राखले, हे तिने आधी पाहावे. बोधाचा विचार त्यानंतर.