गावाचे मौन : ‘हाय नून’ आणि ‘सामना’

‘हाय नून’ (१९५२) मधील नगरवासीयांना केवळ भित्रे ठरविणे अपुरे आहे. चर्चमधील चर्चेत, गोळीबाराने उत्तरेकडील भांडवल बिचकेल, हा मुद्दा निर्णायक ठरतो आणि मार्शल केन एकाकी पडतो. विजय तेंडुलकर लिखित, जब्बार पटेल दिग्दर्शित ‘सामना’ (१९७५) मध्ये मारुती कांबळेविषयी गाव मूक राहते. कारण साखर कारखान्यासह सारे अर्थकारण हिंदुरावांच्या मुठीत आहे. दोन्हीकडे मौनाचे मूळ भीतीइतकेच हितसंबंधांत आहे. भेद एवढाच, की केनचे नगर उघड वाद घालून माघार घेते. ‘सामना’तील गावाला तो वादही परवडत नाही. म्हणूनच प्रश्नकर्ता मास्तर बाहेरून यावा लागतो. नायक-खलनायकांपलीकडील या मूक समूहाची चिकित्सा ग्रामीण साहित्याच्या अभ्यासकांनीही करणे अगत्याचे आहे.