आधी जमिनीवर

मागच्या उन्हाळ्यात चिखलीला मावसभावाच्या ओसरीवर आम्ही रेडिओवर चालणारे, सात फुटी पंखांचे विमान जोडले. मी पडलो कलाशाखेचा. वायरींना चिठ्ठ्या लावणे एवढेच माझे काम. उडवण्यापूर्वी तपासणी केली. रिमोटची दांडी उजवीकडे नेली की उजव्या पंखाची मागची झडप वर जायला हवी. ती खाली गेली! तसेच उडवले असते, तर विमान भलतीकडे कलंडून मातीत गेले असते.

त्या क्षणी मला माझेच भाषण आठवले. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर मानवरहित विमान उडवले, असे मी स्पर्धेत ठणकावून सांगितले होते. त्याला ठोस पुरावा नाही. या कथेशी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथातील विमाने उडू शकत नाहीत, हे तर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ सालीच दाखवून दिले.

तळपद्यांची जिद्द मला आजही वंद्य वाटते. पण मित्रांनो, खेळण्यातले विमान तपासणारे आपण अभिमानाची गोष्ट मात्र न तपासता का उडवतो? यंदा मी तेच भाषण करीन, १८९५ सोबत १९७४ही सांगेन. टाळ्या कमी पडल्या तरी चालतील.