जखमेची जबानी

सुरगाण्यासारख्या डोंगराळ तालुक्यात, रुग्णालयाच्या अपघात विभागात आणलेल्या जखमी इसमाची नोंद उपचाराच्या आणि न्यायाच्या अशा दोन्ही दप्तरांत एकदमच होते. घाटात उलटलेली दुचाकी, भाजणे, विषप्राशन, बांधाच्या तंट्यातील कोयत्याचा वार, या साऱ्यांची वर्दी पोलिसांस द्यावी लागते. आणि रुग्ण 'पडलो' असे कितीही सांगत असला, तरी वार अडवताना हातावर उमटलेले स्वच्छ कडांचे छेद त्याच्या जबानीस दुजोरा देत नाहीत. म्हणूनच जखमेची लांबी, रुंदी, खोली मोजून लिहिणारा तरुण डॉक्टर हा, त्याच्या ध्यानी असो वा नसो, पुढील खटल्यातील एक साक्षीदार होऊन बसतो. (त्याचे अक्षर न्यायालयास वाचता यावे, एवढी अपेक्षा वाजवीच म्हणावी लागेल.) 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 अन्वये, 15 दिवस तीव्र वेदना भोगावी लागली वा नित्याचे व्यवहार बंद पडले, तरी दुखापत 'जबर' ठरते, पूर्वी 20 दिवस लागत. मात्र पोलिसी कागदांसाठी जखमीचे उपचार खोळंबता कामा नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात 1989 सालीच बजावून ठेवले आहे.