जुनं कूलंट ओतायचं कुठे?

गाडीचं कूलंट घरी बदलायला फार अक्कल लागत नाही, संयम लागतो. इंजिन पूर्ण गार होईस्तोवर, म्हणजे चांगले दोन-तीन तास, रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही. आत दाब असतो, उघडलं की उकळतं पाणी थेट तोंडावर. मग खालचा ड्रेन प्लग सोडायचा, जुनं कूलंट घमेल्यात धरायचं, डिस्टिल्ड वॉटरने एकदा खंगाळायचं, नवीन भरायचं, हीटर गरमवर ठेवून इंजिन चालू करायचं आणि अडकलेली हवा बुडबुडत बाहेर पडेपर्यंत गप उभं राहायचं. शनिवारची एक सकाळ जाते, बास. रंग बघून कूलंट घेऊ नका मात्र, गाडीचं मॅन्युअल बघा.

आम्हा लवासाकरांना तर हे यायलाच हवं. टेमघरचा घाट चढताना पावसाळी रविवारी बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या कोणी पाहिल्या नाहीत? शेजारी एक काका पाण्याची बाटली घेऊन हजर! साध्या पाण्याने वेळ निभावते, पण त्यातले क्षार आत साचत जातात. निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं पाणी हे मिश्रण १०७ अंशांच्या आसपास उकळतं, झाकणाच्या दाबामुळे त्याहूनही उशिरा. शिवाय त्यात गंज रोखणारी रसायनं असतात. ती काही वर्षांत संपतात, म्हणून कूलंट बदलायचं.

इथपर्यंत सगळे सांगतात. घमेल्यात जमलेल्या त्या पाचेक लिटरचं काय करायचं, हे कोणी सांगत नाही. बहुतेक जण पार्किंगच्या कोपऱ्यातली जाळी शोधतात आणि मोकळे होतात.

लवासा वरसगाव धरणाच्या काठावर आहे. इथला उतार तलावाकडे, तलावाचं पाणी खडकवासल्याकडे आणि तिथून पुण्याच्या नळांना. आता तुम्ही म्हणाल, १२.८२ टीएमसीच्या धरणात पाच लिटरने काय होतंय? मान्य, गणित तुमच्या बाजूने आहे. मला काळजी धरणाची नाही, जाळीशेजारी साचणाऱ्या डबक्याची आहे. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. कुत्रं ते आवडीने चाटतं. दहा किलोच्या कुत्र्याला वाटीभर मिश्रण जीव घ्यायला पुरतं. आधी ते दारू प्यायल्यासारखं झोकांड्या खातं, मग बरं वाटल्यासारखं दिसतं, तोवर यकृताने त्या ग्लायकॉलचं ऑक्झॅलिक आम्ल केलेलं असतं आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात जमलेले असतात. गायीगुरं आणि रांगतं पोरही यातून सुटत नाही. याचाच भाऊबंद डायइथिलीन ग्लायकॉल. १९८६ साली मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात तो ग्लिसरीनमध्ये मिसळलेला निघाला आणि १४ रुग्ण दगावले. लेन्टिन आयोग बसला तो त्याच प्रकरणात.

माझं म्हणणं साधं आहे. जो नवीन कूलंट विकतो, त्याने जुनं परत घ्यावं. अशक्य आहे का? बॅटरीचं बघा. २००१ च्या नियमांनी जुनी बॅटरी परत घेणं विक्रेत्यांवर आलं, आणि आज जुनी दिली की दुकानदार आपणहून पैसे कमी करतो. अर्थात ते काही निसर्गप्रेम नव्हे, आतल्या शिशाला भाव आहे. जुन्या कूलंटला कुत्रंसुद्धा विचारत नाही असं म्हणणार होतो, पण गोची नेमकी तीच आहे की कुत्रंच विचारतं! भंगारात किंमत नाही, म्हणून ती नियमाने द्यावी लागेल. नव्या कॅनवर पन्नास रुपये अनामत ठेवा, जुनं भरून आणलं की परत करा. आपल्या लोकांना हिशेब पटकन कळतो. दुधाच्या काचेच्या बाटल्या अशाच परत जायच्या की.

तोपर्यंत मी माझ्यापुरती सोय केली आहे. जुनं कूलंट त्याच्याच रिकाम्या कॅनमध्ये, वर मार्करने ठळक 'विष', आणि कॅन माळ्यावर. पाण्याच्या बाटलीत अजिबात नाही, घरात कोणीतरी तहानलेलं असतंच. पुण्याला जाणं झालं की ज्या मोठ्या वर्कशॉपात सांडपाणी शुद्ध करायची सोय आहे, तिथे आधी फोन करून नेऊन देतो. गेल्या खेपेला काउंटरवरच्या पोराने कॅन हातात घेऊन विचारलं, "साहेब, याचं बिल कुणाच्या नावावर करू?"