आधी मांडीला मांडी, मग टिकल्या

'दोन फटके दे, बघ कसा सुतासारखा सरळ होतो!' हा सल्ला मला सासूबाईंपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांनी दिला. खोटं कशाला बोलू, मी फटके दिलेही. लेक तेव्हा दुसरीत होता. गणित अर्धं टाकून खिडकीशी पळायचा, दप्तरातली वस्तू रोज हरवायचा. शाळेतून चिठ्ठी आली की माझा हात उठायचाच.

शेवटी जिल्ह्याच्या गावी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी 'एडीएचडी' असल्याचं सांगितलं. म्हणजे अतिचंचलता आणि लक्ष न टिकणं. ही अडचण मेंदूच्या वाढीतली, अनुवंशाचा त्यात मोठा वाटा. आईच्या लाडानं ती होत नाही, हे ऐकून मी तिथेच रडले.

मग आम्हा पालकांचंच प्रशिक्षण सुरू झालं. एका वेळी एकच सूचना द्यायची, चांगलं वागला की लगेच शाबासकी. मी उत्साहानं कॅलेंडरवर टिकल्या लावू लागले. दहा टिकल्यांना एक बॉल! पण पंधरा दिवसांत त्यानं ते कॅलेंडरच फाडलं. म्हणाला, ''तुला मी आवडतच नाही, टिकल्याच आवडतात.''

समुपदेशक ताईंनी मला एवढंच विचारलं, ''काही न शिकवता, न रागावता त्याच्या मांडीला मांडी लावून कधी बसता?'' माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मूल आणि त्याला सांभाळणाऱ्या माणसातल्या भावबंधाचा सिद्धान्त मांडला. मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेत बाल्टिमोरला वर्षभराच्या बाळांचं निरीक्षण केलं. आई खोलीबाहेर गेल्यावर बाळ किती रडतं, यापेक्षा ती परतल्यावर तिच्या कुशीत शांत होतं का, हे त्यांना मोलाचं वाटलं.

मला वाटतं, सगळं इथेच अडतं. आई आपली आहे ही खात्री असेल, तर शाबासकी गोड लागते आणि 'नाही' पचतं. ती खात्री डळमळली की टिकली म्हणजे लाच आणि सूचना म्हणजे शिक्षा. अमेरिकेत शीला आयबर्ग यांनी १९७० च्या दशकात आखलेल्या पालक-प्रशिक्षणात म्हणूनच पहिला टप्पा खेळाचा आहे. घरी रोज ५ मिनिटं मूल खेळ ठरवणार, आई साथ देणार. हुकूम नाही, प्रश्न नाही, टीका नाही. शिस्त दुसऱ्या टप्प्यात.

आम्ही खोक्यांची एसटी केली. तो कंडक्टर, मी प्रवासी. 'आधी चपला जागेवर ठेव' हे शब्द जिभेवर यायचे, मी गिळायचे. महिन्याभरानं तो आपणहून म्हणाला, ''आई, टिकल्या पुन्हा लावू या?''

मैत्रिणींनो, यातून आईला नवा दोष चिकटवू नका. दिवसभर 'बस, थांब, नको' म्हणावं लागलं की कुणाचंही नातं झिजतं. आणि खेळानं एडीएचडी बरा होत नाही. डॉक्टरांनी औषध दिलं असेल तर ते मनानं बंद करू नका. माझा लेक अजूनही पळतो, वस्तू हरवतो. पण रागावले तरी तो आता माझ्यापासून लपत नाही.

आणि हो, ही ५ मिनिटं बाबांनीही द्यायची बरं का! आमच्या एसटीचे ड्रायव्हर आता तेच आहेत.