चप्पल कोल्हापूरची, दुकान कोणाचे?

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन प्रदर्शनात ‘प्राडा’ या इटालियन कंपनीने कोल्हापुरी घाटाच्या चपला मांडल्या, पण कोल्हापूरचे नाव घेतले नाही. महाराष्ट्रात संताप उसळला आणि तो रास्तच होता. पुढे कंपनीने प्रेरणा मान्य केली. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही केला. प्रकरण मार्गी लागले. मला मात्र मिलानपेक्षा आपल्या घरातल्या मोबाइलवर रोज उघडणाऱ्या दुकानाची काळजी अधिक वाटते.

अस्सल कोल्हापुरीचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. तळाचे थर चामड्याच्याच वादीने हाताने शिवतात. खिळा मारत नाहीत. वेणी घालणे, गोंडा करणे ही नाजूक कामे बहुधा घरातल्या बायका करतात. एका जोडामागे सारे घर राबते. ऑनलाइन दुकानात मात्र ‘कोल्हापुरी’ म्हणून शोधले की याच जोडाशेजारी रेक्झिनचा, यंत्रावर शिवलेला जोडही येऊन बसतो. छायाचित्रात दोन्ही सारखेच देखणे. आठवडी बाजारात गिऱ्हाईक चप्पल वाकवून पाही, चार पावले चालून पाही, मग घासाघीस करी. पडद्यावर हाताला काही लागत नाही. उरते ती फक्त किंमत. आणि किमतीच्या शर्यतीत कारागीर हरणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

कायदा नाही असेही नाही. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातील चार व कर्नाटकातील चार जिल्हे येतात. परंतु मानांकन मिळाले म्हणजे प्रत्येक कारागिराला हक्क मिळाला, असे होत नाही. त्याला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. शिवाय नक्कल आढळली तर तक्रार घेऊन कोर्टाची पायरी कोणी चढायची? दिवसाच्या मजुरीवर चूल पेटणाऱ्याने?

ऑनलाइन बाजारामुळे दलाल जाईल, कारागिराचा माल थेट गिऱ्हाइकाच्या दारी पोहोचेल, अशी मोठी आशा होती. ती खोटी ठरली असे मी म्हणणार नाही. ज्यांच्या घरात शिकलेला मुलगा किंवा सून आहे, त्यांना दूरची गिऱ्हाइके मिळू शकतात. पण खाते उघडणे, फोटो काढणे, दलाली, पाठवणीचा खर्च आणि परत आलेला माल सोसणे, यासाठी गाठीला भांडवल लागते. हाताने बनवलेले दोन जोड तंतोतंत एकसारखे नसतात, आणि हा बाजार तर तंतोतंतपणाच मागतो. मग खाते व्यापाऱ्याचे आणि कारागीर पुन्हा नगावर मजुरी घेणारा, अशी जुनीच व्यवस्था नव्या दुकानात येऊन बसते.

करांचा नियमही पाहण्यासारखा आहे. ऑनलाइन माल विकणाऱ्या छोट्या विक्रेत्याला जीएसटी नोंदणीतून १ ऑक्टोबर २०२३ पासून सवलत मिळाली, पण ती राज्यांतर्गत विक्रीपुरती. म्हणजे कोल्हापूरच्या कारागिराने नागपूरला जोड पाठवला तर चालेल. कागल ओलांडून निपाणीला पाठवला तर नोंदणी हवी! मानांकन दोन राज्यांचे आणि सवलत मात्र सीमेपाशी थबकणारी.

माझ्या मते उपाय फार अवघड नाहीत. ‘कोल्हापुरी’ हे नाव लावायचे असेल तर मानांकनाचा नोंदणी क्रमांक दिल्याशिवाय माल मांडूच देऊ नये, ही जबाबदारी दुकान चालवणाऱ्या कंपनीवर टाकावी. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचे नाव-पत्ता दाखवणे बंधनकारक आहेच. त्याशेजारी बनवणाऱ्याचे गावही यावे. महामंडळांनी नोंदणीचे अर्ज गल्लीत जाऊन भरून घ्यावेत.

आणि आपण? मिलानवर संतापलेल्यांपैकी कितीजणांनी गेल्या वर्षी खरी कोल्हापुरी विकत घेतली? पुढच्या वेळी मोबाइलवर जोड पाहताना विक्रेत्याला एवढेच विचारावे : ही कोणी शिवली, कोणत्या गावात? उत्तर आले नाही तर पुढचा जोड पाहावा. ज्याला या धंद्यात नाव नाही आणि दामही नाही, त्याचा मुलगा रापी हाती धरणार नाही. मग नुसते मानांकन उरेल, चप्पल उरणार नाही.