निबंध परत येतो तेव्हा

आपल्या मंडळातील जीवविज्ञानाचे संशोधक आता नवखे राहिलेले नाहीत. दहा-पंधरा वर्षे प्रयोगशाळेत घालवलेली ही मंडळी. तरीही त्यांचा शोधनिबंध परीक्षकांकडून परत येतो आणि शेरा असतो: नेमके काय सिद्ध झाले ते कळत नाही. पुढचे अनुदान, नोकरी, काहींचा व्हिसादेखील प्रकाशित निबंधांवर अवलंबून असताना असा शेरा जिव्हारी लागतो. मी जीवशास्त्रज्ञ नव्हे, संगणकाच्या आज्ञावली लिहिणारा. परंतु मित्रांचे मसुदे वाचताना जाणवले की दोष इंग्रजी व्याकरणाचा क्वचितच असतो. विषय इतका अंगवळणी पडलेला असतो की वाचकाला काय ठाऊक नाही, याचाच लेखकाला विसर पडतो.

जॉर्ज गोपेन आणि ज्युडिथ स्वॉन यांनी १९९० मध्ये ‘अमेरिकन सायंटिस्ट’मध्ये या प्रश्नावर एक महत्त्वाचा लेख लिहिला. इंग्रजी वाचक वाक्याच्या आरंभी परिचित गोष्टीची अपेक्षा करतो आणि जोर द्यायची नवी गोष्ट शेवटी शोधतो, हे त्यांचे प्रतिपादन. मराठीत वाक्याचा शेवट क्रियापद अडवून बसते, म्हणून आपला जोर त्याच्या आधीच्या शब्दावर पडतो. तीच सवय इंग्रजीत गेली की खरा शोध वाक्याच्या मध्यावर हरवतो आणि शेवटी ‘वॉज ऑब्झर्व्ड’ एवढेच निर्जीव शब्द उरतात, असा माझा तर्क आहे. (इंग्रजी मातृभाषा असलेलेही असेच लिहितात, हे मान्य, त्यांना निदान भाषांतराची सबब नाही.)

याहून गंभीर दोष म्हणजे पुराव्याच्या पुढे धावणारे विधान. एखादे जनुक निष्क्रिय केल्यावर उंदरांतील गाठी लहान राहिल्या, तर त्या प्रयोगात गाठीच्या वाढीला ते जनुक लागते, एवढेच दिसले. ते एकटेच गाठ निर्माण करते, हे त्यातून निघत नाही. मग माणसाच्या कर्करोगावर उपाय सापडल्याचे सूचित करणे दूरच. संख्येचेही तसेच. तीन उंदरांच्या प्रत्येकी दहा पेशी मोजल्या म्हणून नमुने तीस होत नाहीत. उंदरांविषयी बोलायचे असेल तर ते तीनच. प्राण्यांवरील प्रयोगांत अशी माहिती कशी नोंदवावी, यासाठी ‘अराइव्ह’ ही मार्गदर्शक तत्त्वे २०१० पासून उपलब्ध आहेत आणि २०२० मध्ये ती सुधारलीही गेली. अनुभवी संशोधक ती शेवटच्या दिवशी अर्जासारखी भरतात; वास्तविक ती प्रयोग आखतानाच उघडावीत.

संयमाचा नमुना हवा असेल तर वॉटसन आणि क्रिक यांचा एप्रिल १९५३ चा ‘नेचर’मधील निबंध पाहावा. जेमतेम एका पानाहून थोडा अधिक मजकूर आणि एक साधी रेखाकृती. डीएनएची रचना ते ‘आम्ही’ म्हणून सुचवतात, ती सिद्ध झाल्याचा दावा करीत नाहीत, आणि अधिक कठोर पडताळणीची गरज स्वतःच नोंदवतात.

आमच्या व्यवसायात दुसऱ्याने वाचल्याखेरीज आज्ञावलीची एक ओळही पुढे सरकू नये, असा चांगला रिवाज आहे. निबंधाचे सहलेखक हे काम करू शकत नाहीत, कारण त्यांना उत्तर आधीच माहीत असते. शेजारच्या प्रयोगशाळेतील कुणाला केवळ शीर्षक, आकृत्या आणि त्यांखालचा मजकूर द्यावा आणि तुमचा दावा त्यांच्या शब्दांत लिहून मागावा. तो तुमच्या सारांशाशी जुळला नाही, तर आधी आकृत्यांकडे परतावे, इंग्रजी नंतर तपासावे.